थोरल्या भावाची चूक कशी सांगावी?

प्रश्न: आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. अलिबागजवळ आमची सामाईक नारळाची वाडी आहे, ती थोरला चुलतभाऊ बघतो. चार वर्षं पाडणीचे पैसे नाहीत, हिशेबही नाही. भांडण नको म्हणून मी गप्प आहे. पण सणाला शेजारी बसलो की घास उतरत नाही. किप्पूरच्या, म्हणजे क्षमेच्या उपासाच्या दिवसाच्या, आधी मशिदीत (आमच्या सिनेगॉगमध्ये) चार लोकांसमोर विचारावं का? की मोठ्या भावाला बोलूच नये?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: बोलायलाच हवं. आपल्या धर्मग्रंथातल्या, तोरातल्या, लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातलं १७वं वचन काढून बघा. ‘भावाचा मनात द्वेष धरू नकोस’ आणि ‘होखेआख तोखिआख’, म्हणजे त्याची चूक त्याला नक्की सांग, या दोन्ही आज्ञा एकाच वचनात आहेत. तुमचा घास अडतो, तो पहिली मोडतेय म्हणून. दावीद राजाचा मुलगा अबशालोम मनात द्वेष धरून आपल्या भावाशी, अम्नोनशी, बरंवाईट काहीच बोलला नाही. दोन वर्षं गप्प राहिला आणि मग त्याचा जीव घेतला. रामबामने, म्हणजे मध्ययुगातल्या मोठ्या ज्यू धर्मपंडिताने, आपल्या ‘मिश्ने तोरा’ या नियमग्रंथात या गप्प बसण्याला दुष्टांची रीत म्हटलंय.

थोरलेपणाची अडचण तलमूदमध्ये, म्हणजे जुन्या धर्मगुरूंच्या चर्चाग्रंथात, सुटलेली आहे: शिष्यानेही गुरूला चूक सांगावी.

पण मशिदीत नको. त्याच वचनाचा शेवट आहे, ‘त्याच्यामुळे पाप ओढवून घेऊ नकोस’. जाणत्यांनी त्याचा अर्थ लावला की सांगताना समोरच्याचा चेहरा उतरेल असं सांगू नये. हे मला फार उशिरा कळलं. भाच्याच्या लग्नाआधीच्या मलिद्याच्या विधीला मी धाकट्या बहिणीला पाहुण्यांदेखत बोलले, आईच्या औषधाला तू तीन वर्षांत एक पैसा दिला नाहीस म्हणून. खरं होतं ते. पोह्या-खोबऱ्याची भरलेली बशी तशीच ठेवून ती उठून गेली आणि सहा वर्षं माझ्याशी बोलली नाही. आईच्या औषधाचे पैसे तर आलेच नाहीत. तलमूदमधले रब्बी (धर्मगुरू) एलाझार बेन अझार्‍या म्हणत, या पिढीत चूक सांगता येणारा कुणी असेल का, याचंच मला नवल वाटतं. मला तेव्हा ते येत नव्हतं.

रामबामने रीतही दिली आहे. एकट्याला गाठावं, हळू बोलावं, आणि आधी विचारावं: माझ्याशी असं का केलंस? हा खरा प्रश्न आहे, उत्तर ऐकायच्या तयारीने विचारा. चार वर्षांत त्याचंही काही झालं असेल. कबूल करून त्याने माफी मागितली, तर अडवून धरू नका. उडवून लावलं, तर पुन्हा जा. एकदा सांगून आज्ञा फिटत नाही.

किप्पूरच्या उपासाने माणसामाणसांतले हिशेब मिटत नाहीत, ते एकमेकांची समजूत घालूनच मिटतात. म्हणून आधीच्याच एखाद्या रविवारी अलिबागला जा. बायकामुलांना नेऊ नका, वहीही पिशवीतच राहू द्या. वाडीत दोघंच असताना विचारा, “दादा, माझा वाटा का नाही आला?”