मनपाच्या वकिलांच्या पॅनेलवर नवीन आलायस ना, मग हे आधी ऐक

अभिनंदन रे! दावा आला की सगळ्यात आधी बघ, १९४९ च्या मनपा अधिनियमाच्या कलम ४८७ ची, म्हणजे दाव्याआधीची नोटीस समोरच्याने मनपाला दिली होती का आणि महिना उलटला होता का, पण नुसत्या त्याच मुद्द्यावर बसून राहू नकोस. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यायची असते आणि खात्याकडून पॅरावाईज रिमार्क्स, म्हणजे दाव्यातल्या एकेका परिच्छेदावरचं म्हणणं, यायलाच दोन महिने जातात, म्हणून पत्र पाठवून वाट बघू नको, स्वतः वॉर्ड ऑफिसला जा, क्लार्कशेजारी बसून मूळ फाईल चाळ. मी एकदा अनधिकृत बांधकामाच्या केसमध्ये झेरॉक्सवर विसंबलो, कोर्टात कळलं की त्याच अधिनियमाच्या कलम २६० खालच्या अनधिकृत बांधकामाच्या नोटिशीवर पोच नाही, पंचनाम्यावर तारीख नाही, आणि समोरच्याला स्टे मिळाला. तेव्हापासून नोटीस दारावर चिकटवल्याचा फोटो बघितल्याशिवाय मी उभाच राहत नाही. पाडकामाआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८ अ खाली कॅव्हेट टाक, म्हणजे आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, ते ९० दिवसच चालतं, डायरीत लिहून ठेव. आणि नोटीसच चुकीची असेल तर साहेबांना लेखी अभिप्रायात तसं स्पष्ट सांग, मागे घेऊन नव्याने काढता येते, कुणाचं तरी राहतं घर असतं रे ते.