अम्माची सही

उल्हासनगरहून एका गृहस्थांचं पत्र आलंय. वडील १९४७ मध्ये सिंधमधून निर्वासित म्हणून आले, कॅम्पातल्या बराकीत राहून कापडाचा मोठा व्यापार उभा केला. गेल्या वर्षी मृत्युपत्र न करता गेले. आता दुकान, गोदाम आणि दोन इमारतींवरून थोरल्या भावाशी कोर्टात जायची वेळ आलीय. ‘बहिणीने हक्क सोडलाय. अम्माची सही तेवढी बाकी आहे. तिला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे तिची काही अडचण नाही. भावाला वठणीवर कसं आणू?’

पाच पानांच्या पत्रात अम्माच्या सहीला दीड ओळ. मी तिथंच अडकलेय.

तुम्ही दोघं निम्म्या-निम्म्यासाठी भांडताय. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत बायको, मुलगे, मुली सारखे वाटेकरी. तुमच्या घरात प्रत्येकाला चार आणे. अम्माचे चार आणे पोटगी म्हणून नाहीत, पूर्ण मालकीचे आहेत. विकेल, देईल, ठेवेल, तिची मर्जी. आणि बहिणीचं हक्कसोडपत्र रजिस्टर झालंय का? साध्या कागदावर असेल, तर तिचे चार आणेही अजून तिचेच आहेत.

दुसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय, अम्मा रात्र-रात्र मशीनवर परकर शिवायची आणि सकाळी वडील ते गाठोडं खांद्यावर टाकून विकायला निघायचे. मग ‘वडिलांनी एकट्याने उभं केलं’ हे कुठून आलं?

‘मराठी वाचता येत नाही’ लिहिताना हात अडखळला नाही तुमचा? सिंधी वाचते ना ती, उजवीकडून डावीकडे? न समजावता घेतलेली सही उद्या कोर्टात टिकवणं जड जाईल, ते आहेच. पण मी कोर्टाची भीती घालत नाहीये. मला राग आलाय.

येत्या रविवारी बहिणीकडे जा, अम्मा तिथंच असते ना! कागद नेऊ नका. तिच्याजवळ बसा आणि सिंधीत सांगा, ‘अम्मा, यात चौथा हिस्सा तुझा आहे.’ पुढे गप्प बसा. ती कितीही वेळ घेवो, मध्ये बोलू नका. तिला काही लिहून द्यायचं असेल, तर वकील तिचा हवा. तुमचा नको, भावाचाही नको.

भावाचं मला पुन्हा लिहू नका. अम्मा काय म्हणाली, ते कळवा.