डबी उघडण्याआधी पाणी बघ

स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशासारखी दिसणारी नकली आमिषं (फ्लाय), एकदम सगळ्या रंगांत विकत घेऊ नकोस. शरद सरत आला की नदीवरच्या ट्राउट माशांसाठी माझ्या डबीत चारच स्ट्रीमर असतात: काळा, ऑलिव्ह, पांढरा, पिवळा. आभाळ भरलंय किंवा पाणी गढूळ आहे? सरळ काळा बांध. अंधुक उजेडात माशाला रंगापेक्षा आकृती दिसते आणि काळ्याची आकृती सगळ्यात ठसठशीत. पाणी नितळ असेल तर ऑलिव्ह, तळाच्या दगडांत दडणारे छोटे मासे साधारण तसेच दिसतात. लख्ख उन्हात पांढरा. पिवळा मुख्यतः ब्राउन ट्राउटसाठी; विणीच्या या दिवसांत नर भलतेच चिडके असतात, भूक नसली तरी अंगावर येतात. मात्र तळाच्या खडीत घासून उजळ झालेला गोल पट्टा दिसला, तर ती अंड्यांची जागा. तिथे फ्लाय टाकू नकोस, पाय तर मुळीच नको.

मासा मागे येऊन ऐनवेळी वळला, तरच रंग बदल. कोणी फिरकतच नसेल तर आधी खोली आणि वेग तपास. मी एकदा अख्खी सकाळ रंग बदलण्यात घालवली; पाणी ५ अंशांवर होतं आणि मी ऑगस्टसारखी भराभर दोरी खेचत होतो!