जायबंदी: ना बंदी, ना बंदिवान

युद्धात जखमी होऊन पुढं खेळाडू झालेल्या सैनिकांवरची एक माहितीपट मालिका पाहून शिरोळ तालुक्यातल्या एका वाचकानं विचारलंय: 'यांना मराठीत जायबंदी सैनिक म्हणावं की दिव्यांग सैनिक? आणि जायबंदी म्हणजे शत्रूनं पकडलेला ना?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हा गैरसमज हल्ली फार कानावर येतो. नाही! शत्रूनं पकडलेला तो युद्धकैदी. जायबंदी म्हणजे जखमेमुळं निकामी झालेला. मध्यंतरी एका वृत्तवाहिनीवर 'सोनसाखळी चोर अखेर जायबंदी' असं चक्क ठळक अक्षरांत झळकत होतं. म्हणायचं होतं जेरबंद. जेरबंद हा घोड्याच्या साजातला पट्टा. फारसीत 'जेर' म्हणजे खाली. तोंडाच्या साजापासून पुढच्या पायांमधून पोटाखालच्या तंगापर्यंत तो ओढून बांधला की घोड्याला मान उडवता येत नाही. चोर जेरबंद होतो तो या पट्ट्यानं. जायबंदीला त्याचं काही देणंघेणं नाही.

आता खुद्द जायबंदी. जखमी, घायाळ हे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत, तिथं थांबत नाही. जायबंदीची एक व्युत्पत्ती नेहमी सांगितली जाते: फारसी 'जाय' म्हणजे जागा, 'बंद' म्हणजे बांधलेला, म्हणून जायबंदी म्हणजे जागेला खिळलेला. मला ती कधीच पटली नाही. कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीत जाऊन बसा. गुडघा जायबंदी, खांदा जायबंदी, मनगट जायबंदी! पैलवान स्वतः आखाड्याभोवती फिरत असतो, जायबंदी असतं ते मनगट. आता मनगट कुठल्या जागेला बांधायचं?

माझा तर्क वेगळा आहे. अरबीतून आलेला 'जाया' म्हणजे वाया गेलेला, हातचा गेलेला. हिंदी-उर्दूत 'वक्त जाया करना' आजही म्हणतात. मनगट जाया होऊ शकतं, माणूस जाया होऊ शकतो, घोडाही. राहिली 'बंदी'. ती बघायची तर जमाबंदी, म्हणजे सरकारी महसुलाची आकारणी, बघा. तिथं बंदी म्हणजे कैद नव्हे आणि मनाईही नव्हे, ती हिशेबाची बांधणी आहे. घोडेस्वारांच्या खर्चाशी जोडलेली नालबंदीही त्याच दफ्तरातली. जमेची बांधणी ती जमाबंदी, तशी लढाईत जाया झालेल्यांची बांधणी ती जायबंदी. लढाई संपली की फौजेला हिशेब लागतोच: किती पडले, किती उभे, किती निकामी. त्या निकामी रकान्याचं नाव रकान्यातल्या माणसाला चिकटलं आणि पुढं त्याच्या हातापायाला. अर्थाचा हा प्रवास मला फार मोहवतो, कारण त्यात रणांगण आणि दफ्तरखाना दोन्ही आहेत.

यावर काही कोशाभिमानी मित्र 'जायबंद' हे ईकार नसलेलं रूप पुढं करतात; म्हणजे मुळात हिशेबाची 'बंदी' नव्हतीच, 'बंद' होता, असं त्यांचं म्हणणं. असेल की. जेरबंद, नजरबंद शेजारी असताना ईकार गळायला कितीसा वेळ लागतो? या मंडळींनी जाय पाहिलं, फारसी कोशात जागा सापडली, कोश मिटला. शब्द कुणाच्या तोंडी आहे आणि कुठल्या अवयवाला लागतो, हे पाहायची तसदी घेतली नाही. व्युत्पत्ती अशी लागत नसते.

असो, सैनिकांकडं येतो. दिव्यांग हा २०१५ नंतर सरकारी व्यवहारात रुजलेला शब्द. जन्मानं, आजारानं, अपघातानं, कशानंही अपंगत्व आलेलं असो, सगळ्यांना तो एकच. म्हणजे कारण तो सांगत नाही, आणि सैनिकाच्या बाबतीत कारण सांगायलाच हवं. १९४८ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल इथं व्हीलचेअरवर बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळणारे १६ जण युद्धातच जखमी झाले होते. पॅरालिम्पिकची वाट तिथून निघाली. २०१४ मध्ये लंडनला सुरू झालेले इन्व्हिक्टस खेळही अशाच सैनिकांचे.

पण म्हणून 'जायबंदी सैनिक' असंही सरसकट लिहू नका. जायबंदी हा शब्द 'होणे'बरोबर शोभतो. ती एका दिवशी घडलेली गोष्ट आहे, माणसाची कायमची ओळख नव्हे. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर घ्या. सैन्यात मुष्टियोद्धे होते, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिलं. त्या तलावातल्या माणसाला जायबंदी म्हणणं चूकच. तेव्हा लिहिताना 'युद्धात जायबंदी झालेले जलतरणपटू' लिहा, आणि एकदा सांगून झालं की पुढं नुसतं जलतरणपटू पुरे.