रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात त्राण का नाही?

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझ्या वहिनी 46 वर्षांच्या असून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांना आधी लाल औषधाच्या चार सायकल आणि नंतर दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा वेळा पॅक्लिटॅक्सेल दिले गेले. शेवटची केमो होऊन पाच महिने झाले. हिमोग्लोबिन 12.2, पांढऱ्या पेशी 5,200 आणि प्लेटलेट 2 लाख 30 हजार आहेत, त्यामुळे सगळे म्हणतात की रिपोर्ट नॉर्मल आहे. तरी एक जिना चढला की त्यांना पायरीवर बसावे लागते, आणि दुपारनंतर फळ्यावर लिहायला हात उचलत नाही. घरात आता ‘मनानेच उभारी धरायला हवी’ असे बोलणे सुरू झाले आहे. केमोमुळे रक्तपेशींची ऊर्जा तयार करण्याची क्षमताच घटते, असे वाचनात आले. हे खरे आहे का? नातेवाइकांनी पेशींना ताकद देणारी अँटिऑक्सिडंटची पावडर आणली आहे, ती सुरू करावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातली एक गोष्ट आधी घेते, कारण तिला उशीर करून चालणार नाही. वहिनी पायरीवर बसतात ते दम लागतो म्हणून की पाय गळतात म्हणून, हे त्यांना शांतपणे विचारा. दम लागत असेल, रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडत असेल किंवा पावलांवर सूज येत असेल, तर लगेच त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना कळवा आणि हृदयाची टू-डी इको तपासणी करून घ्या. लाल औषध म्हणजे बहुधा डॉक्सोरुबिसिन, काही ठिकाणी एपिरुबिसिन. दोन्हींचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकतो आणि तो कधी कधी उपचार संपल्यावर काही महिन्यांनी लक्षात येतो. उपचारापूर्वीची इको चांगली होती म्हणून आता गरज नाही, असे समजू नये.

आता तुमचा मूळ प्रश्न. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये पेशी मोजलेल्या असतात. त्या पेशी आतून किती दमाने काम करत आहेत, हे त्या कागदावर कुठेच नसते. त्यामुळे रिपोर्ट चांगला आणि माणूस थकलेला, यात विसंगती काहीच नाही. वहिनींचा थकवा खरा आहे, आणि घरातले ते बोलणे कृपा करून आजच थांबवा.

रक्तपेशी ऊर्जा कशी मिळवतात हे समजले, की केमोचा घाव कुठे बसतो ते कळते. शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया असतात. तेथे ऑक्सिजनच्या साहाय्याने ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारे 30 रेणू मिळतात, आणि एटीपी हेच पेशीचे रोजच्या खर्चाचे चलन. तांबडी पेशी मात्र वेगळी. पक्व झाली की ती आपले केंद्रक आणि सगळ्या तंतुकणिका टाकून देते, आणि पुढचे सुमारे 120 दिवस ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीच्या फक्त दोन रेणूंवर निभावते. आयुष्यभर ऑक्सिजन वाहणारी ही पेशी स्वतःसाठी त्यातला कणभरही जाळत नाही, याचे मला इतकी वर्षे स्लाइड पाहूनही नवल वाटते. पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल मुख्यतः ग्लुकोजच्या झटपट विघटनावर जगतात, तर शांत असलेल्या लिम्फोसाइटची भिस्त तंतुकणिकांवर असते आणि संसर्गाशी लढायला उठल्या की त्या ग्लुकोज भराभर वापरू लागतात. प्लेटलेटना केंद्रक नसते, पण तंतुकणिका असतात.

डॉक्सोरुबिसिन कर्करोगपेशींच्या डीएनएला इजा करते, हे त्याचे अपेक्षित काम. पण तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो आणि हे औषध त्याला चिकटते. नेमक्या त्याच पडद्यावर ऊर्जानिर्मितीची साखळी बसवलेली असते. त्या साखळीतले इलेक्ट्रॉन मध्येच उचलून हे औषध ते ऑक्सिजनला देते, त्यातून घातक ऑक्सिजन-कण तयार होतात आणि साखळीची कडी न् कडी झिजते. शिवाय तंतुकणिकांना स्वतःचा छोटा डीएनए असतो, त्यात फक्त 37 जनुके असतात, आणि केंद्रकातल्या डीएनएभोवती असते तसे प्रथिनांचे वेष्टन त्याला नसते.

तांबड्या पेशीत तंतुकणिकाच नाहीत, मग तिचे काय बिघडणार, असे वाटेल. बिघडते ते ती घडत असताना. हिमोग्लोबिनमधल्या हीमच्या, म्हणजे लोह धरून ठेवणाऱ्या भागाच्या, निर्मितीची पहिली आणि शेवटची पायरी तंतुकणिकेतच पार पडते. म्हणून अस्थिमज्जेतल्या कोवळ्या तांबड्या पेशीला त्यांच्यावाचून चालत नाही. केमो सुरू असलेल्या रुग्णाची रक्ताची काच मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते, तेव्हा एरवी एकसारख्या दिसणाऱ्या, मधोमध फिकट अशा गुलाबी चकत्यांमध्ये लहान-मोठ्या, मध्येच निळसर झाक असलेल्या पेशी दिसू लागतात. निळसर पेशी म्हणजे मज्जेतून नुकतीच बाहेर पडलेली पेशी. ती दिसली की मला बरे वाटते, कारण मज्जा पुन्हा कामाला लागल्याची ती खूण असते.

वहिनींच्या बाबतीत एक साधा हिशेब मांडू. पाच महिने म्हणजे 150 दिवस. तांबडी पेशी 120 दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, न्यूट्रोफिल तर त्याहून कमी. म्हणजे वहिनींच्या रक्तात आज फिरणाऱ्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल केमो संपल्यानंतर जन्मलेल्या आहेत. लिम्फोसाइटचे तसे नाही. त्यांतल्या काही वर्षानुवर्षे जगतात, त्यांनी केमोचा सगळा काळ सोसलेला असतो, आणि त्यांचे काही प्रकार अनेक महिने पूर्वपदावर येत नाहीत. संशोधक म्हणूनच लिम्फोसाइट आणि मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) रक्तातून वेगळ्या काढून त्या किती ऑक्सिजन वापरतात, आणि मुद्दाम ताण दिल्यावर तो वापर किती वाढवू शकतात, हे यंत्रावर मोजतात. या वाढीला राखीव क्षमता म्हणतात. तुमच्या वाचनात आलेली बातमी अशाच मोजणीची असावी.

पण इथे एक गल्लत होते. फळ्यापर्यंत हात उचलत नाही तो स्नायूचा आणि मेंदूचा थकवा आहे. तो लिम्फोसाइटमधली ऊर्जा कमी पडल्यामुळे आलेला नाही. स्नायूचा तुकडा काढून तपासणे त्रासाचे, रक्त मात्र सहज मिळते, म्हणून रक्तपेशी ही संशोधकांची खिडकी आहे. या अभ्यासांत रुग्णांची संख्या थोडी असते, निष्कर्ष एकमेकांशी पुरते जुळत नाहीत, आणि रुग्णालयातल्या नेहमीच्या तपासण्यांत ही मोजणी नाही. कोणी ‘मायटोकॉन्ड्रियाचे पॅकेज’ म्हणून महागडी तपासणी सुचवली, तर ते पैसे वाचवा. उपचारानंतर रेंगाळणाऱ्या थकव्याचा संबंध शरीरात मंदपणे चालू राहिलेल्या दाहाशीही आढळला आहे.

पावडर सुरू करू नका, हे माझे स्पष्ट मत. वहिनींची केमो संपली असली, तरी गोळ्या किंवा अन्य उपचार सुरू असू शकतात, आणि पावडरीने त्यांची ताकद परत येईल असा भरवशाचा पुरावा नाही. केमो सुरू असताना तर हा मोह टाळायलाच हवा. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या 1,134 रुग्णांची माहिती पाहिली गेली. केमोच्या आधी आणि केमो चालू असताना अँटिऑक्सिडंट पूरके घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याकडे कल जास्त दिसला. हा निरीक्षणात्मक अभ्यास होता, त्यामुळे कारण सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. पण ज्या औषधाचे कामच काही अंशी ऑक्सिजन-कणांवर चालते, त्याच्यासोबत त्यांचा नाश करणारे डोस घेऊ नयेत, इतके शहाणपण त्यातून नक्की घ्यावे. आवळा, पेरू, पालेभाजी जेवणात खुशाल असू द्या.

त्याऐवजी फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी-12 आणि थायरॉइडसाठी टीएसएच या तपासण्यांविषयी डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन 12.2 असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे लक्षात घेता ही शंका बाळगणे योग्यच. मात्र कमतरता दिसल्याशिवाय लोहाच्या किंवा बी-12 च्या गोळ्या परस्पर सुरू करू नयेत. केमोमुळे पाळी अकाली थांबून झोप उडाली आहे का, तेही विचारा. इको चांगली निघाली, की रोज चालणे सुरू करावे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, तीही सकाळी, अंगात थोडी शक्ती असताना, आणि मग दर आठवड्याला पाच मिनिटांची वाढ. थकलेल्या माणसाला चालायला सांगणे क्रूर वाटते, पण कर्करोगानंतरच्या थकव्यावर व्यायामाइतका पक्का पुरावा दुसऱ्या फार थोड्या उपायांचा आहे. नियमित हालचालीने स्नायूत नव्या तंतुकणिका तयार होतात आणि नुसत्या पडून राहण्याने असलेल्याही घटतात. दुपारचे तास काही महिने बदलून मिळतात का, हे शाळेत तुम्ही बोलून पाहा. आजारातून उठलेल्या बाईला स्वतःसाठी मागणे जड जाते.

प्रश्न : माझी दुसरी केमो झाली आहे. कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात, म्हणून भात, भाकरी, फळे सगळे बंद केले तर गाठ उपाशी मरेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, ताई. कर्करोगपेशी ग्लुकोज अधाशीपणे वापरतात हे ओटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकात दाखवले, आणि पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते ती याच गुणामुळे. परंतु तुम्ही जेवला नाहीत तरी यकृत रक्तातले ग्लुकोज एका पातळीवर राखते आणि त्यासाठी गरज पडल्यास स्नायूंमधले प्रथिन मोडते. तांबड्या पेशींना ग्लुकोजशिवाय दुसरे इंधन चालत नाही, संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइटनाही ते भरपूर लागते. उपासाने गाठीआधी तुम्ही खंगाल. शीतपेये आणि मिठाई कमी करा. भाकरी, वरण-भात, उसळ, अंडी, दही, फळे पोटभर खा. मधुमेह असेल तर केमोसोबत दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे दोन-तीन दिवस साखर वाढते, म्हणून त्या दिवसांतले ग्लुकोमीटरचे आकडे वहीत लिहून ठेवा आणि ती वही पुढच्या सायकलला सोबत न्या.