एफवायला मानसशास्त्र घेतलंयस ना? मग हे वाच

समोरच्याचं मन ओळखता येईल या आशेने बरेच जण हा विषय घेतात आणि न्यूरॉन, सहसंबंध असले शब्द आले की हिरमुसतात. तू हिरमुसू नकोस. विल्हेल्म वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा विषय प्रयोगांवर उभा आहे. म्हणून संशोधन पद्धतींचं प्रकरण ऑप्शनला टाकू नकोस. पुढचं सगळं त्यावरच आहे.

मुलं हमखास अडकतात ती ऋण प्रबलनापाशी. ते म्हणजे शिक्षा नव्हे! गाडीत बेल्ट लावला की टुणटुण थांबते, म्हणून पुढच्या वेळी आपण बेल्ट लगेच लावतो. नकोसं काहीतरी गेलं आणि वर्तन वाढलं. शिक्षेने वर्तन घटतं. उदाहरण कुठलंही येवो, आधी वर्तन वाढलं की घटलं ते बघ.

व्याख्या नुसत्या घोकून टिकत नाहीत. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, दोन दिवसांनी पुन्हा लिही. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो, हे स्मृतीवर प्रयोग करणाऱ्या एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलंय.

आणि मनोविकारांबद्दल वाचताना स्वतःला किंवा रूममेटला लेबलं लावत बसू नकोस, कळकळीने सांगते. खरंच त्रास होत असेल तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेट.