‘माहेर’ या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि तो कसा तयार झाला?

‘माहेर’ म्हणजे शब्दशः आईचे घर. संस्कृत ‘मातृगृह’ या सामासिक शब्दापासून प्राकृतात ‘माइहर’ आणि ‘माउहर’ अशी रूपे झाली, बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ती नोंदलेली आहेत, आणि त्यांपैकी ‘माइहर’मधल्या इकाराने जागा बदलून आपले ‘माहेर’ घडले. ‘गृह’चे ‘घर’ होते आणि समासात दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ‘घ’चा ‘ह’ होतो, हे प्राकृताचे नेहमीचे वळण आहे. ‘देव्हारा’ या शब्दातही असेच एक घर लपलेले आहे. त्यामुळे ‘विद्येचे माहेरघर’ म्हणताना आपण घर दोनदा उच्चारतो, पण ते रूप आता इतके रुळले आहे की त्याला चूक म्हणणे मला योग्य वाटत नाही.

या शब्दातील आईचे स्थान मला विशेष महत्त्वाचे वाटते. गुजरातीतले ‘पियर’ आणि राजस्थानकडचे ‘पीहर’ हे पित्याचे घर आहे, पूर्वेकडच्या हिंदी बोलींतले ‘नैहर’ ज्ञातींचे, म्हणजे नातलगांचे आहे आणि गोव्यातील कोकणीत त्यालाच ‘कुळार’, म्हणजे कुळाचे घर म्हणतात. मराठीने मात्र, हिंदीतील ‘मायका’प्रमाणे, आईचे नाव ठेवले, आणि तेही अशा समाजात जिथे घर पित्याच्या नावावर असे व वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध वाटा नव्हता. महाराष्ट्राने 1994 साली कायद्यात दुरुस्ती करून तो दिला, देशभर तो 2005 साली लागू झाला.

अर्थाच्या बाजूने पाहिले तर हा शब्द घर सोडून गेलेल्या व्यक्तीचा आहे. अविवाहित मुलगी आईच्याच घरी राहत असली तरी त्याला माहेर म्हणत नाही; लग्न होऊन सासर आले की तेच घर माहेर होते. परत येणे या शब्दात गृहीत धरलेले असते, म्हणून त्याच्याभोवती माहेरवाशीण, माहेरपण, सणासाठी लेकीला आणायला जाणारा मुऱ्हाळी असे शब्द जमले. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर येऊन मूळ नक्षत्रावर निरोप घेणाऱ्या गौरींनाही आपण माहेरवाशिणीच मानतो.

पुरुषांनीही हा शब्द स्वतःसाठी वापरला आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण वारकरी संतांचे आहे. एकनाथांनी ‘माझे माहेर पंढरी’ म्हटले, ज्ञानदेवांच्या अभंगातही पंढरपुरास जाऊन ‘भेटेन माहेरा आपुलिया’ असे शब्द येतात. तिथे विठ्ठलाला ‘विठाई माउली’ म्हणण्याची रीत असल्यामुळे ‘आईचे घर’ हा शब्दाचा मूळ अर्थही पूर्णपणे जुळतो.